मांडीवरच्या चपला

मॅडम, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायला मी कोण? तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं शिकवलेले सर-मॅडम आहेत, तुमची मुलं आहेत, माझ्याआधीच्या बॅचच्या कितीतरी ताया आहेत ज्या आज मोठ्या हॉस्पिटलांत इन्चार्ज आहेत. मी पेणच्या नर्सिंग कॉलेजात तुमच्याकडे मानसिक आरोग्याचा विषय शिकलेला एक मुलगा, तोही मागच्या बाकावरचा. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाबद्दल कागदावर काय लिहितात हेही मला नीट ठाऊक नाही. आमच्याकडे माणूस गेलं की बायका ओटीवर बसतात आणि त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशीच बोलतात. "गेलीस गो, आता तुजी कोंबरी कोन झाकल?" असं. मला तेवढंच येतं. म्हणून तुमच्याशीच बोलतो. चुकलो तर नेहमीसारखा हात वर करून थांबवा.

आता तो हात वर होणार नाही, हे वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं. पण खोडत नाही.

पहिला दिवस आठवतो का? आमच्या लॅबमध्ये तो रबरी डमी होता, ज्याला आम्ही 'पाहुणे' म्हणायचो, कारण तो कायम आडवा आणि त्याला काहीही दिलं तरी तक्रार नाही. तुम्ही आलात आणि त्याची खाट ढकलत भिंतीला लावलीत. म्हणालात, "पाहुण्यांना सुई टोचता येते. पाहुणे घाबरत नाहीत. माझ्या भातात काय कालवलंस, असं विचारत नाहीत. या विषयात तुमच्या हाताला काम कमी आणि कानाला जास्त." मग खोलीच्या मध्ये लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवलीत आणि सांगितलंत, या खुर्चीत बसेल तो पेशंट. आणि पहिल्यांदा तुम्हीच बसलात.

आम्हाला वाटलं, आता मॅडम केस मोकळे सोडतील, डोळे फिरवतील. तुम्ही काहीच केलं नाहीत. फक्त वर पंख्याकडे बघत राहिलात. समोर नर्स म्हणून निखिल होता, वरसे गावचा, वर्गातला सगळ्यात बोलका.

"पंखा कुणी लावला?" तुम्ही विचारलंत.

"मी लावला, मावशी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. गरम होतंय ना."

"कुणाला?"

निखिलने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा पंख्याकडे, आणि जाऊन पंखा बंद केला. वर्ग खो खो हसला. तुम्ही खुर्चीतून उठलात, तुमचं नाव सांगितलंत, रोहा सांगितलंत, सकाळी तांदळाची भाकरी खाल्ली हेही सांगितलंत, आणि मग निखिलला म्हणालात, "छान. आता पेशंटची खात्री पटली की पंख्यात काहीतरी होतंच."

खुर्चीतून उठल्यावर स्वतःचं नाव, गाव आणि सकाळचं खाणं सांगायचं, हा तुमचा नियम. आत शिरलेलं माणूस बाहेर यायला पाहिजे, असं म्हणायचात. निखिल दर वेळी "वरसे, दोन वडापाव" म्हणायचा आणि तुम्ही दर वेळी "घरचं काही खात जा रे" म्हणायचात.

माझी पाळी आली तेव्हा मी उठलो नाही. "मी पेशंट नाही होणार," म्हणालो. मुलींमधून कुणीतरी म्हणालं, "लाजतोय." तुम्ही पुढचं नाव पुकारलंत. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. वर्ग सुटल्यावर तुम्ही मला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेलात. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून रंगाचा वास येत होता. तुम्ही काही विचारलं नाहीत. हे मला नंतर कळलं की तुमची रीतच ती, न विचारता बसायचं. मी आपसूक बोलायला लागलो.

आमच्या खाडीकडच्या गावात शिमग्याला सोंगं निघतात. कुणी वाघ होतो, कुणी पोलीस, कुणी पोटुशी बाई. मी लहान असताना एका वर्षी एकाने माझ्या आत्याचं सोंग घेतलं. आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. मिठागरात फळीने मीठ ओढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणतात. एकदा उधाणाच्या भरतीने खाडीचा बांध फुटला, पाणी घरांत शिरलं. पाणी उतरलं, बांध बांधला, पण आत्याचं पाणी काही उतरलं नाही. तेव्हापासून दिवसातून केव्हाही ती "पानी आयलं" म्हणते आणि पाय जमिनीवरून उचलून घेते. तर तो माणूस लुगडं वर खोचून "पानी आयलं, पानी आयलं" ओरडत गर्दीतून नाचला. सगळं गाव हसलं. माझे मित्रही हसले. आत्या दारात उभी राहून बघत होती. वडिलांनी तिला आत घेऊन दार लावलं.

"म्हणून मी कुणाचं सोंग घेणार नाही, मॅडम," मी म्हणालो. "तुम्ही त्याला रोल प्ले म्हणता, एवढाच फरक."

तुम्ही चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता. म्हणालात, "फरक आहे. पण तो मी तुला सांगून पटणार नाही."

हा आपला पहिला वाद. तो अजून चालू आहे, मॅडम. तुम्ही अर्ध्यातून उठून गेलात.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र मी सांगितली नव्हती, आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं.

मग तुम्ही तोड काढलीत. मी पेशंट व्हायचं नाही, नर्सच व्हायचं. आत्याला पेणच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे न्यावं, असं मला किती दिवस वाटत होतं, पण घरी तोंड उघडलं की भांडण व्हायचं. तुम्ही म्हणालात, "आपण तालीम करू. मी आत्या, तू तूच. वर्गासमोर करू, बाकीचेही शिकतील. चालेल का?" मी हो म्हणालो. ते हो कसं म्हणालो, अजून कळत नाही.

तुम्ही लाल खुर्चीत बसायचात आणि पाय वर घ्यायचात. "पानी आयलं."

"नाय आत्या, पाणी नाय आलं. बघ, लादी कोरडी हाय."

तुमचा हात वर. "थांब. तू तिला खोटं पाडलंस. पुन्हा."

"पानी आयलं."

"हो आत्या, आलं पाणी, चल दवाखान्यात जाऊ."

हात वर. "आता तूच खोटं बोललास. पुन्हा."

"मग बोलू तरी काय, मॅडम?" मी वैतागलो होतो. निखिल मागून म्हणाला, "बांध बांधू म्हण." सगळे हसले, तुम्हीही. मग तुम्ही खुर्चीतूनच, पाय वर तसेच ठेवून म्हणालात, "पाणी आहे की नाही, हा तिचा-तुझा वाद नाही. भीती आहे की नाही? ती तर खरी आहे ना? तिथे जा."

मला ते जमत नव्हतं. मला गप्प बसताच येत नव्हतं. तुमचे पाय वर दिसले की मी काहीतरी बडबडायचो. एकदा तुम्ही म्हणालात, "उद्या उलटं करू. तू आत्या हो, मी तू होते. तिच्या खुर्चीत बसल्याशिवाय तुला कळायचं नाही." मी सरळ नाही म्हणालो. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी जरा चढ्या आवाजात बोललो की तुमची आत्या खोटी आहे, आमची आत्या अशी नाहीच, तुम्ही तिला बघितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "हे मात्र बरोबर."

त्यानंतर बरेच दिवस ती तालीम झाली नाही. आमच्या गावांकडे वस्तीभेटी चालू होत्या, तुम्ही दुसऱ्या गटाबरोबर असायचात.

मग तो दिवस आला. आम्ही चपला काढून वर्गात गोल बसलो होतो. माझ्या चपला माझ्या शेजारीच होत्या. तुम्ही लाल खुर्चीत बसलात, पाय वर घेतलेत, आणि "पानी आयलं" म्हणायच्या आधी वाकून माझ्या चपला उचलल्यात. पदराने त्यांचे तळ पुसलेत. मांडीवर घेतल्यात आणि वर दोन्ही हात ठेवलेत. पोरगं मांडीवर घेतात तशा.

मॅडम, आमची आत्या तेच करते. घरी कुणीही आलं की त्याच्या चपला उचलून मांडीवर घेते, वाहून जातील म्हणून. शाळेतले मित्र यायचे तर त्यांच्याही. ते निघताना चपला मागायचे आणि ती द्यायची नाही, "पानी हाय रं अजून" म्हणायची. पुढे ते यायचे बंद झाले. शिमग्याच्या त्या सोंगानेही एका टोपलीत लोकांच्या चपला भरल्या होत्या आणि हवेत उडवल्या होत्या. टपरीवर मी तुम्हाला एवढंच सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी उभा राहिलो. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बस. आपण बोलू."

"कुणी सांगितलं?"

तुमच्या मांडीवरून चपला ओढून घेतल्या आणि निघून गेलो. पेणच्या एसटी स्टँडवर किती वेळ बसलो ते आठवत नाही. डोक्यात एकच होतं. हिने पण सोंग घेतलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, खरं घेतलं. त्या चपलांवर तुम्ही ज्या प्रकारे हात ठेवला होता तसा मी आत्याचा हात आजपर्यंत बघितलाच नव्हता. मला फक्त चपला दिसायच्या. ती कुणाचं तरी काहीतरी वाचवतेय, हे मला तुमच्या मांडीवर दिसलं. त्याचाच जास्त राग आला बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आलो, कारण हजेरी लागत होती. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त दाराशी पाण्याने भरलेला तांब्या आणि बादली ठेवलेली होती. तुम्ही सांगितलंत, आजपासून खुर्चीतून उठलं की नाव-गाव सांगून झाल्यावर तोंड धुवायचं, मगच आपल्या जागेवर जायचं. निखिल म्हणाला, "मॅडम, पावडर जाईल." तुम्ही हसला नाहीत. "धुवायचं," म्हणालात.

आमच्याकडे सोंग घेतलेला माणूस विहिरीवर तोंड धुऊनच घरात शिरतो. मला वाटलं, भांडताना मी तेही बोलून गेलो असेन आणि तुम्ही लक्षात ठेवलं असेल. विचारलं नाही. त्यानंतर परीक्षेपर्यंत तुम्ही आत्या झाला नाहीत आणि मीही तालीम मागितली नाही. आपण दोघं अगदी नीट वागलो एकमेकांशी. नीट वागणं किती वाईट असतं, मॅडम.

पास झाल्यावर मला रोह्याला एका हॉस्पिटलात काम लागलं. तुम्ही रोज रोह्याहून पेणला येत होता, आता मी पेणहून रोह्याला आलो. स्टँडवर कधीतरी गाठ पडेल वाटायचं. पडली नाही, कारण तोवर तुमचं येणं-जाणं बंद झालं होतं. आजारी आहात एवढंच ग्रुपवर कळलं.

तुम्हाला सांगायचं राहिलेलं एक सांगतो. धाटावच्या कंपनीतला एक ऑपरेटर त्याच्या भावाने आणून आमच्या वॉर्डात ठेवला होता. रात्रपाळ्या करून करून झोप गेलेली. शिफ्टचा भोंगा झाला की कानांवर हात ठेवायचा. मला म्हणाला, "भोंग्यात माजं नाव घेतात. तुमाला येतंय ना ऐकू?"

त्याचा भाऊ लगेच, "काय येड्यासारखा बोलतो? भोंगा काय नाव घेल?"

माझ्या जिभेवर 'नाय हो' आलं होतं. तेवढ्यात मला तुमचा वर केलेला हात दिसला. खरंच दिसला. मी म्हणालो, "मला नुसता भोंगा ऐकू येतो. पण तुम्हाला नाव ऐकू येत असेल तर भीती वाटत असणार." आणि गप्प बसलो. मॅडम, मी गप्प बसलो! भाऊ चुळबुळ करत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. बऱ्याच वेळाने तो ऑपरेटर म्हणाला, "लय भीती वाटते. पोरांसमोर बोलता येत नाय." आणि रडला. ड्यूटी संपल्यावर मी बेसिनवर तोंड धुतलं, मगच बाहेर पडलो. सवय. बाहेर पडून तुम्हाला फोन लावला.

तुमचा आवाज ओळखू येत नव्हता. मी सगळं सांगितलं. तुम्ही नुसतं "हं" म्हणत होता, पण मला कळत होतं की तुम्हाला बरं वाटतंय. मग म्हणालात, "तू ये एकदा घरी. तुला एक सांगायचं राहिलंय. फोनवर नको." मी म्हणालो, "चपलांचं?" तुम्ही म्हणालात, "ये तर खरा." मी पुढच्या सुट्टीला येतो म्हणालो. त्या आठवड्यात सुट्टी बदलली. त्याच्या पुढच्या आठवड्यात वॉर्डातच ग्रुपवर तुमचा फोटो आला, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्या हातांत माझेही टाकावे का, हेही सुचेना. मी एका आजीबाईंना गोळ्या देत होतो. त्यांनी विचारलं, "काय झाला रं बाला?" मी सांगितलं, माझ्या मॅडम गेल्या. खाटेच्या कडेवर हात ठेवून म्हणाल्या, "बस हतं." आणि त्या काही बोलल्या नाहीत. तुमच्या वर्गात बसल्यासारख्या.

कुंडलिका नदीच्या काठावर तुम्हाला निरोप दिला. मी मागे उभा होतो. तुमच्या मुलीने माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्यासारखं केलं, मला तिच्याशी बोलावंसं वाटलं, पण ज्यावरून भांडलो ते विचारायची ती जागा नव्हती. तेव्हापासून मला चैन नाही, मॅडम. झोपेतही विचारतो. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? निखिलला ठाऊक नव्हतं. गावात तुमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आणि कुणी सांगितलं असेल तर ते हसत हसत सांगितलं असेल का? तुम्ही ऐकताना हसलात का? तुम्हाला आयुष्यभर मानायचं, तर हे मला कळायला हवं होतं. आणि सांगणारं माणूसच गेलं.

परवा रविवारी घरी गेलो. आई ओटीवर सुपात सुका जवळा निवडत होती. आत्या आत दाराला टेकून बसलेली. मी बूट काढले आणि सांगितलं, "आई, आमच्या मॅडम गेल्या."

आईचा हात जवळ्यात तसाच राहिला. "रोह्याची बाय?"

"तुला काय ठाऊक, रोह्याची?"

आईने एकदा आत्याकडे बघितलं. मग सुपाकडे बघतच बोलली. "आयली व्हती ती. आंगणवाडीत पोरींना घेऊन आयली व्हती, मंग एकटीच आयली. कितीदा आयली. मना बोलली, त्याला सांगू नका, मी सांगन. म्हनून मी नाय बोलले."

"कशाला आल्या होत्या?"

"कशाला म्हंजे? बसाला. आत्याजवल बसायची. दवाखान्याचा नाव पन नाय काढला पयले. आत्यानं तिच्या चपला घेतल्या मांडीवर, तं निघताना मागल्या नाय. बोलली, पानी उतरला की द्या. न् बसून ऱ्हायली. दिवेलागन झाली तवा आत्यानंच दिल्या."

मी तिथेच खाली बसलो. शाळेपासून आजपर्यंत आमच्या घरी आलेल्या कुणीही, मॅडम, मीसुद्धा, चपला मिळेपर्यंत वाट बघितली नव्हती.

"मंग एक दिस इचारलान तिनं," आई म्हणाली. "दवाखान्यात येशील का. आत्या बोलली, पानी उतरला की येन. ती बोलली, बरा. मंग बोलली, 'आक्का, माजी पोरां शिकतान, त्यांना तुजा सोंग दाखवू का? तू नको बोललीस तं नाय दाखवनार.'"

"आत्याला विचारलं? आत्याला?"

"तिलाच. माझ्याकड बघला पन नाय."

"मग?"

आईने सूप बाजूला ठेवलं. आत आत्याने माझे बूट ओढून घेतले होते आणि पदराने त्यांचे तळ पुसत होती. आईऐवजी तिनेच उत्तर दिलं, बुटांवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता.

"मी बोलले, घे गो. पन घरा जावाचे अगुदर तोंड धू. नायतं मी तुज्यातच ऱ्हाईन, मंग तुजी पोरां काय करतील?"